जिंकता येत असताना थांबणारा

हीरो कोण, असे आपल्या शाळेत कोणालाही विचारा. उत्तर लगेच येते : जो सगळ्यांच्या पुढे असतो तो. क्रॉस-कंट्रीत पुढे, ऑब्स्टॅकल कोर्सवर पुढे, बॉक्सिंगच्या रिंगमध्ये मागे न हटणारा. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे असे माझे मत आहे. उरलेले अर्धे उत्तर मला एका जपानी कादंबरी-मालिकेत सापडले.

जपानमध्ये ‘लाइट नॉव्हेल’ हा प्रकार आपल्या वयाच्या मुलांमध्ये फार वाचला जातो. खिशात मावेल एवढे पुस्तक, मधूनमधून चित्रे, भरपूर संवाद. योशिकी तानाका यांची ‘लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज’ ही मालिका हे नाव रूढ होण्याच्या आधीची आहे. तिच्या मुख्य कथेचे १० खंड १९८२ ते १९८७ या काळात आले आणि १९८८ मध्ये तिला जपानमधील विज्ञानकथांचा सेइउन पुरस्कार मिळाला. तिच्यावरील ॲनिमे आपल्यापैकी काहींनी पाहिलेही असेल. नावातच ‘हीरो’ हा शब्द आहे, पण लेखक पानापानांतून त्याच शब्दाची उलटतपासणी करतो.

कथा अंतराळातील आहे. एकीकडे सरदारांचे साम्राज्य, दुसरीकडे ‘फ्री प्लॅनेट्स अलायन्स’ ही लोकशाही. दोघांत दीडशे वर्षे युद्ध चालू आहे. साम्राज्याचा सेनापती राइनहार्ड आणि अलायन्सचा यांग वेन-ली हे या कथेचे दोन नायक. गंमत म्हणजे दोघांपैकी एकही खलनायक नाही.

राइनहार्ड गरीब घराण्यातला. तो दहा वर्षांचा असताना म्हाताऱ्या सम्राटाची माणसे त्याच्या बहिणीला राजवाड्यात घेऊन जातात. त्या दिवशी तो आणि त्याचा मित्र किर्शाइस ठरवतात, की ही सगळी व्यवस्थाच उलथून टाकायची. आणि राइनहार्ड ते करूनही दाखवतो. तो स्वतः आघाडीवर राहतो, गुणी अधिकाऱ्याचे घराणे न पाहता त्याला वर आणतो, शूर शत्रूचा मान राखतो. सत्ता हाती येताच सरदारांचे विशेष हक्क काढून घेतो. त्याचे सैनिक त्याच्यासाठी जीव द्यायला तयार असतात. आमच्या डॉर्मिटरीत ही मालिका माहीत असलेली बहुतेक मुले त्याच्याच बाजूची आहेत, आणि त्यात नवल काही नाही.

यांगला सैनिक व्हायचेच नव्हते. त्याला इतिहास शिकायचा होता. वडील वारले, पैसे उरले नाहीत, आणि फुकट इतिहास शिकता येईल म्हणून तो सैनिकी अकादमीत गेला. त्याचा नेम वाईट, टेबलावर पसारा, चहात ब्रँडी, आणि डोक्यात लवकर निवृत्त होऊन पेन्शन घेण्याचा विचार. आपल्या किट इन्स्पेक्शनमध्ये हा माणूस एक दिवस टिकला नसता! पण त्याचे पहिले मोठे काम पाहा. २१ वर्षांचा असताना, वरिष्ठ अधिकारी पळून गेल्यावर, तो एल फासिल या ग्रहावरील ३० लाख नागरिकांना शत्रूच्या नजरेसमोरून सुखरूप बाहेर काढतो. लोक त्याला हीरो म्हणू लागतात, तेव्हा तो अवघडून जातो.

या दोघांमधला खरा फरक मला दोन प्रसंगांत दिसतो.

पहिला प्रसंग वेस्टरलँडचा. एक सरदार स्वतःच्याच प्रजेवर अण्वस्त्रे टाकणार आहे, अशी बातमी राइनहार्डच्या गोटात येते. त्याचा सल्लागार ओबरस्टाइन सुचवतो, की हे होऊ द्यावे आणि त्याचे चित्रण सगळ्यांना दाखवावे, म्हणजे सरदारांची बाजू कोसळेल आणि युद्ध लवकर संपेल. वेस्टरलँडवरची २० लाख माणसे मरतात. युद्ध खरोखरच लवकर संपते. पण किर्शाइस त्याला जाब विचारतो, दोघांत दुरावा येतो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत राइनहार्डला वाचवताना किर्शाइसचा जीव जातो. इतका तेजस्वी सेनापती, पण ‘शेवट चांगला होणार आहे’ या एका वाक्यापुढे त्याचा पाय घसरतो.

दुसरा प्रसंग व्हर्मिलियनच्या लढाईचा. यांगने राइनहार्डला कोंडीत पकडले आहे. राइनहार्डचे जहाज त्याच्या तोफांच्या टप्प्यात आले आहे. एक हुकूम सोडला की साम्राज्याचा सर्वेसर्वा संपणार. नेमक्या त्याच वेळी शत्रूने राजधानीला वेढा घातल्याने अलायन्सचे सरकार शरण जाते आणि यांगला युद्धबंदीचा आदेश येतो. आदेश देणारा सरकारप्रमुख भित्रा आणि स्वार्थी आहे. यांगला तो मनापासून नकोसा वाटतो. शेजारी उभा असलेला सहकारी शोनकोप्फ त्याला सांगतो, की आदेशाकडे दुर्लक्ष कर. यांग तोफा थांबवतो.

यावर आमच्यात जोरात वाद होतात. यांगच्या विरोधातला मुद्दा असा : त्याने गोळीबार केला असता तर त्याचा देश वाचला असता. त्या दिवशी त्याच्याच ताफ्यातले जे सैनिक मेले, ते कशासाठी मेले? नालायक नेत्याच्या आदेशासाठी जिंकलेली लढाई सोडणे हे शौर्य कसे? हा मुद्दा हलका नाही. मेलेल्या सैनिकाच्या आईला यांगने काय सांगायचे, याचे सोपे उत्तर कादंबरीतही नाही आणि माझ्याकडेही नाही.

तरीही मी यांगच्या बाजूने उभा आहे. कारण कादंबरीतच आहे. ज्या साम्राज्याशी ही लढाई चालली आहे ते जन्मले कसे? रुडॉल्फ नावाचा एक पराक्रमी अधिकारी होता. लोक भ्रष्ट राजकारणाला कंटाळले होते. त्यांनी या हीरोला डोक्यावर घेतले, निवडून दिले, आणि तो सम्राट होऊन बसला. पुढच्या पिढ्यांनी त्याची किंमत मोजली. यांग इतिहासाचा विद्यार्थी असल्याने त्याला कळते, की ‘नेते वाईट आहेत, म्हणून मीच ठरवतो’ हे वाक्य बोलणारा सेनापती आज चांगला असला तरी त्याच्या मागून येणारा चांगला असेलच असे नाही.

हे केवळ कल्पनेतले नाही. खुद्द जपानमध्ये १५ मे १९३२ रोजी नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाई त्सुयोशी यांना त्यांच्या निवासस्थानी ठार केले. त्यांच्याबरोबर सैनिकी अकादमीचे कॅडेटही होते. म्हणजे जवळजवळ आपल्याच वयाची मुले. राजकारणी भ्रष्ट आहेत आणि आपण देश शुद्ध करतो आहोत, अशी त्यांची श्रद्धा होती. लोकांनाही ते हीरो वाटले. त्यांना दया दाखवावी म्हणून लाखो सह्या आल्या आणि शिक्षा सौम्य झाल्या. २६ फेब्रुवारी १९३६ रोजी पुन्हा तरुण अधिकारी सुमारे दीड हजार सैनिक घेऊन तोक्योच्या मध्यभागी घुसले आणि त्यांनी अर्थमंत्र्यांसह काही नेत्यांची हत्या केली. हे बंड मोडले गेले, पण लष्करापुढे बोलण्याची राजकारण्यांची हिंमत आणखी खचली. पुढे जपान कोणत्या युद्धात गेला आणि १९४५ मध्ये त्याचे काय झाले, ते आपण इतिहासात शिकतोच. त्या अधिकाऱ्यांकडे धैर्य होते. थांबायची ताकद मात्र नव्हती.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. यांग म्हणजे मुकाट मान डोलावणारा नव्हे. पुढे त्याच्याच सरकारने त्याला बेकायदा पकडून मारायचा घाट घातला, तेव्हा तो निसटला. व्हर्मिलियनचा आदेश शस्त्र खाली ठेवण्याचा होता, निरपराधांवर उचलण्याचा नव्हता. हा फरक ज्याला कळत नाही त्याची शिस्त म्हणजे नुसती सवय.

डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीच्या चेटवुड हॉलमधली वाक्ये आपल्यापैकी अनेकांना पाठ आहेत. १९३२ साली सांगितलेला तो क्रम देश, मग आपली माणसे आणि सर्वांत शेवटी आपण असा आहे. राइनहार्डला पहिल्या दोन पायऱ्या जमतात, पण त्याचा देश हळूहळू त्याच्याच नावाचा होऊन जातो. यांग तिसऱ्या पायरीवर पक्का आहे. त्याच्या बाबतीत ‘आपण’ म्हणजे फक्त आपला जीव किंवा आराम नव्हे, तर आपला विजय आणि आपले नावसुद्धा.

आपल्याला पुढे जायला रोज शिकवले जाते, आणि ते शिकलेच पाहिजे. पण परेडवर ‘थम’ हा आदेशही ‘तेज चल’ इतकाच महत्त्वाचा असतो. चालत्या तुकडीला एका ठेक्यात थांबवणे किती कठीण असते ते सहावीतल्या कॅडेटलाही ठाऊक आहे. म्हणून ज्युनियर मित्रांना माझे सांगणे एवढेच : राइनहार्ड जरूर आवडू द्या, मलाही आवडतो. फक्त पुढच्या वेळी डॉर्मिटरीत हीरो कोण यावर वाद रंगला, तर व्हर्मिलियनवर तोफा थांबवणाऱ्या त्या अजागळ माणसाचे नावही घ्या.