संसारशास्त्र : एका घरास दोन द्वारपाल

ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात तेथें वायफाय ही आतां पाण्याच्या नळाइतकीच सर्वांच्या गरजेची वस्तु झाली आहे. नातवाची शिकवणी, सुनेचें कार्यालयीन काम, आजोबांचें कीर्तनश्रवण आणि परदेशीं असलेल्या लेकीशीं आजीचें बोलणें हीं सारीं एकाच वेळीं चालतात. परंतु कंपनीचा माणूस ज्या खोलींत मोडेम बसवून जातो तेथें लहरींचा सुकाळ आणि माजघरांत दुष्काळ, असा अनुभव बहुतेक मोठ्या घरांतून येतो. त्यावर उपाय म्हणून दोन-तीन यंत्रांचा मेश संच आणण्याचा प्रघात पडला आहे. उपाय चांगला आहे; परंतु संच पेटींतून काढून मोडेमला जोडला कीं काम संपलें, ही समजूत बरोबर नव्हे.

कंपनीच्या ज्या पेटीस आपण मोडेम म्हणतों, ती बहुधा तीन निरनिराळीं कामें करते. काचतंतूंतून आलेल्या प्रकाशाचे विद्युत्-संदेश करणें हें पहिलें. घरांतील प्रत्येक उपकरणास खाजगी पत्ता देऊन सर्वांचा बाहेरचा व्यवहार एकाच पत्त्यावरून चालविणें हें दुसरें. हें काम करणाऱ्यास राउटर म्हणतात. वायफायच्या लहरी पसरविणें हें तिसरें. पत्त्यांची ही योजना कां करावी लागली, तर इंटरनेटच्या जुन्या व अद्यापि प्रचारांत असलेल्या पद्धतींत एकंदर पत्ते सुमारे ४ अब्ज २९ कोटीच आहेत. ते पुरणार नाहींत हें दिसूं लागल्यावर १९९४ सालीं ही युक्ति लिखित स्वरूपांत पुढें आली.

आतां मेश संचाचें मुख्य यंत्र हेंहि राउटरच असतें. तें तसेंच मोडेमला जोडलें म्हणजे एका घरास दोन द्वारपाल होतात. बाहेर जाणाऱ्यास दोघेहि अडवीत नाहींत. म्हणून वर्तमानपत्र वाचणें, चित्रपट पाहणें निर्वेध चालतें आणि दोष ध्यानांत येत नाहीं. खोळंबा होतो तो आंत येऊं पाहणाऱ्याचा. मेशवरील मुद्रणयंत्र मोडेमच्या वायफायवरील संगणकास सांपडत नाहीं. बाहेरगांवाहून घरांतील यंत्राशीं थेट संबंध जोडणें दुष्कर होतें. शिवाय मुलांसाठीं मेशवर घातलेलें रात्रीचें बंधन मोडेमचें वायफाय चालू असल्यास क्षणांत चुकवितां येतें. घरांत असे दोन द्वारपाल आहेत कीं काय, हें पाहण्याची खूण सोपी आहे. मेशच्या अॅपमध्यें दाखविलेला बाहेरील पत्ता १९२.१६८ या आंकड्यांनीं सुरू होत असेल, तर मोडेमहि राउटरचें काम करीत आहे असें समजावें.

यांतून मार्ग दोन. पहिला, मोडेमला ब्रिज मोडमध्यें घालणें. मग तो केवळ प्रकाशाचा अनुवाद करतो व बाकी कारभार मेशकडे येतो. कंपनीची जोडणी पीपीपीओई पद्धतीची असल्यास प्रवेशाचें नांव व संकेतशब्द आधींच मागून कागदावर लिहून घ्यावा. तो हातीं नसतां मोडेमला हात लावल्यास सारें घर बंद पडेल. दुसरा मार्ग, मोडेमलाच राउटर राहूं देऊन मेशला अॅक्सेस पॉइंट या पद्धतीनें चालविणें व मोडेमचें वायफाय बंद करणें. यांत मुलांच्या वेळेचें बंधन बहुधा मोडेमवरच घालावें लागतें. कांहीं संचांतील अनेक यंत्रें या पद्धतीनें एकत्र चालत नाहींत. तें खरेदीपूर्वीं विचारावें.

दोहोंपैकीं निवड करण्यापूर्वीं एक गोष्ट अवश्य पाहावी. घरचा टेलिफोन त्याच मोडेममधून चालत असेल, तर ब्रिज मोडमुळें तो बंद पडणार नाहीं ना, हें कंपनीकडून निश्चित करून घ्यावें. ज्या घरीं वृद्ध माणसें दुपारचीं एकटीं असतात, तेथें डॉक्टरांस बोलावण्याचें तेंच साधन असतें. निश्चित उत्तर न मिळाल्यास आमच्या मतें दुसराच मार्ग धरावा. थोड्या सोयी गेल्या तरी चालतील, परंतु टेलिफोन मुका होतां कामा नये.

यंत्रें कोठें ठेवावींत याविषयींहि गैरसमज आढळतो. ज्या खोलींत लहरी पोंचत नाहींत तेथेंच दुसरें यंत्र ठेवलें, तर त्यासच कांहीं मिळत नाहीं. मग तें दुसऱ्यास काय देणार? तें वाटेंत, निम्म्या अंतरावर ठेवावें. जाड दगडी भिंत, लोखंडी कपाट, मोठा आरसा व पाण्याची टाकी हे लहरींचे शत्रु होत. जुन्या वाड्यांतून तर दोन यंत्रांमध्यें तारच ओढावी. कॅट ५-ई जातीची तार १०० मीटरपर्यंत सेकंदास १ गिगाबिट वाहून नेते. काचतंतूस मात्र तीव्र बांक देऊं नये व त्याच्या उघड्या टोकांत कधींहि डोळा लावून पाहूं नये. त्यांतील प्रकाश दिसत नाहीं, तरी तो अपायकारक असूं शकतो.

नव्या वायफायला जुनेंच नांव व जुनाच संकेतशब्द दिल्यास घरांतील बहुतेक उपकरणें आपोआप जोडलीं जातात. जुना संकेतशब्द शेजारींपाजारीं पसरला असेल, तर मात्र तो बदलण्याची हीच वेळ. काचतंतूस वीज लागत नाहीं, पण पेट्यांस लागते. तेव्हां बॅटरीची सोय करावयाची तर मोडेम व मेशचें मुख्य यंत्र या दोहोंसाठीं करावी.

शेवटची सूचना गृहिणींस व वडील मंडळींस आहे. हें सर्व ज्ञान बहुधा घरांतील एकाच तरुणापाशीं असतें आणि तो नोकरीनिमित्त परगांवीं गेला कीं घर पांगळें होतें. म्हणून दिनदर्शिकेमागें किंवा हिशेबाच्या वहींत एक पान राखावें. त्यावर ग्राहक-क्रमांक, तक्रारीचा दूरध्वनि आणि कोणतें यंत्र राउटरचें काम करतें हें लिहावें. संकेतशब्द मात्र कपाटांत ठेवावेत. सर्व बंद पडल्यास प्रथम मोडेम सुरू करावा, दिवे स्थिर होईपर्यंत थांबावें, मग मेश सुरू करावा, हा क्रमहि मोठ्या अक्षरांत लिहावा. तें पान वाचून आजीस एकटीनें जोडणी पूर्ववत् करतां आली, म्हणजे व्यवस्था खऱ्या अर्थानें पुरी झाली असें समजावें.