मुलीची जात आणि कबड्डी!

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला लोणच्याला बुरशी का येते ते लिहिलं आणि पत्रांचा नुसता पाऊस पडला. त्या गठ्ठ्यात एक पत्र मात्र अगदी निराळं निघालं. खानदेशातल्याच एका तालुक्याच्या गावाहून आलेलं. लेक नववीत आहे. शाळेच्या कबड्डी संघात तिची निवड झाली, तालुक्याला संघ जिंकला, आता जिल्ह्याच्या सामन्यांना जळगावी यायचं आहे. सरांनी घरी येऊन सांगितलं, पोरीची पकड चांगली आहे, तिला अडवू नका. तेव्हापासून घरात अबोला. आजी म्हणते, मुलीची जात, अर्धी चड्डी घालून चारचौघांत लोळायचं? वडील म्हणतात, पाय मोडला तर उद्या पाहुण्यांना काय सांगायचं? आणि आई, म्हणजे पत्र लिहिणारी बाई, म्हणते, "ताई, तुम्ही कबड्डीच्या वेड्या आहात असं ऐकते. तुम्हीच काय ते सांगा."

बरोबर ऐकलंय हो बाईनं. वेडीच आहे मी! भाजी निवडता निवडता सामना बघते आणि शेवटच्या पाच मिनिटांत देठं पातेल्यात, पानं केरात, असं आमच्या घरी कितीदा तरी झालंय.

माझ्या लहानपणी हिला आम्ही हुतुतू म्हणत असू. धरणगावी, माझ्या माहेरी, परकराचा काचा मारून आम्ही पोरी अंगणात खेळायचो. मातीत काठीनं रेघ ओढली की झालं मैदान. ना बॅट लागे, ना चेंडू, ना पैसा. तेव्हा खेळाच्या तऱ्हाही निरनिराळ्या होत्या. संजीवनीत समोरचा गडी बाद केला की आपला मेलेला गडी जिवंत व्हायचा. गामिनीत एकदा बाद झालं की सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसून राहायचं. अमर प्रकारात कुणी बाहेर जातच नसे, नुसते गुण मोजायचे. आज आपण बघतो ती कबड्डी संजीवनीच्या वळणाची.

लग्न होऊन पिंप्राळ्याला आले. जळगावला लागूनच, पण रेल्वेचं फाटक ओलांडलं की त्या काळी अगदी खेड्याचा बाज. आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो ते हेच पिंप्राळे. रथ होऊन गेला, दोन पाऊस पडले की पोरांना मऊ मातीची ओढ लागायची. मंडळांचे सामने लागले की दगड वेचायचे, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, फक्कीच्या रेषा मारायच्या आणि रात्री दिव्यांच्या उजेडात खेळ. मैदानाभोवती सगळे पुरुष. आम्ही बायका कुठे? धाब्यावर! आमचं घर जुन्या धाब्याचं, वर चढलं की निम्मं मैदान दिसे. सासूबाई एरवी मोठ्यानं बोलत नसत, पण चढाईला आलेला गडी रेषेकडे सरकू लागला की वरून ओरडायच्या, "अरे, धर ना त्याना पाय!" खाली कुणाला ऐकू जायचं नाही म्हणा. सासूबाईंना खेळ माझ्यापेक्षा जास्त कळायचा. कोपऱ्यातला कोण कच्चा, कुणाचा दम आधी सुटतो, हे त्या आधीच सांगायच्या. पण उभ्या आयुष्यात त्या मैदानाच्या कडेला जाऊन एकदाही बसल्या नाहीत. बसू नका असं कुणी म्हटलं नव्हतं. बायका तिथे बसत नसत, एवढंच.

ज्यांनी हा खेळ नीट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन्हीकडे सात-सात गडी. एकीनं एका दमात "कबड्डी कबड्डी" म्हणत समोरच्या अंगणात शिरायचं, जमेल तितक्या जणींना शिवायचं आणि दम सुटण्याआधी मधल्या रेषेला पोचायचं. समोरच्या सातजणींनी तिला जाऊ द्यायचं नाही. आत गेल्यावर निदान रेषा तरी ओलांडायलाच हवी, नाहीतर तीच बाद. सगळा संघ बाद झाला तर त्याला लोण म्हणतात, त्याचे दोन गुण वरती. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० रुंद. बायकांचं १२ मीटर लांब, ८ रुंद. जागा कमी, त्यामुळे बायकांच्या खेळात पळायला वाव कमी आणि गाठ लवकर पडते. मला तरी त्यात जास्त चुरस वाटते. कुणाला पटो न पटो!

आता खेळ मातीवरून मॅटवर गेलाय. जुनी माणसं नाकं मुरडतात, पण मी नाही. मातीत गुडघे-कोपरं सोलून निघायची ते मी पाहिलंय. मॅटवर ते पुष्कळ कमी झालं. तीस सेकंदांत चढाई संपवायची हाही नियम चांगला. पूर्वी दम टिकेल तोवर काही गडी नुसते मधल्या रेषेजवळ घुटमळत बसायचे, बघणाऱ्याला जांभया यायच्या. तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना केलेल्या पकडीला एक गुण जास्त मिळतो, तो नियम ज्यानं काढला त्याला माझ्याकडून पुरणपोळी! हरत आलेल्या संघाला त्यानं जीव येतो. मला खुपतं ते एवढंच, की टीव्हीवरच्या गोंगाटात तो दम ऐकूच येत नाही. सगळा खेळ ज्या श्वासावर उभा, तोच गाण्यांखाली दडपलेला.

टीव्हीवरून आठवलं. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि आमच्या गल्लीत क्रिकेटशिवाय काही न बघणारी मंडळीसुद्धा सात-बाराचा उतारा वाचावा तशी गुणफलक वाचू लागली. २०१५ ला यू मुंबा जिंकली. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणनं हरियाणाला २८–२५ असं हरवून विजेतेपद घेतलं, त्यांचा कर्णधार अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्याचा मुलगा. आनंद झाला, पेढेही वाटले. पण मैत्रिणींनो, त्या लीगमध्ये मुली कुठे आहेत? २०१६ साली एकदा तीन संघांची महिलांची स्पर्धा सोबत घेतली होती. आमच्या घरी तो सणच झाला होता. पुढच्या वर्षी ती झालीच नाही. बघायला कोणी नसतं म्हणतात. अहो, दाखवलंच नाही तर बघणार कोण?

या मुलींनी काय काय केलंय ते तरी माहीत असावं. मुलींची राष्ट्रीय स्पर्धा १९५५ सालापासूनची, कोलकात्याला पहिली झाली. पुण्याच्या शकुंतला खटावकर यांना १९७८ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा आमच्या सासूबाईंनी वर्तमानपत्रातला फोटो कापून पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला होता, पिठात हात घालताना दिसावा म्हणून! आशियाई खेळांत पुरुषांची कबड्डी १९९० साली बीजिंगला आली. बायकांची यायला २०१० उजाडलं. वीस वर्षं! आणि आल्या आल्या आपल्या मुलींनी सुवर्णपदक घेतलं, २०१४ ला पुन्हा घेतलं. २०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला, अंतिम सामन्यात इराणला हरवलं. त्या संघात सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे आणि दीपिका जोसेफ अशा तिघी महाराष्ट्राच्या. राज्य सरकारनं त्यांना प्रत्येकी एक कोटी रुपये जाहीर केले.

आणि २०१८ चं जाकार्ता! अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी आपल्याला २७–२४ असं हरवलं. मी जेवले नाही त्या दिवशी. पण त्या इराणी मुलींना घडवणारी प्रशिक्षक कोण होती ठाऊक आहे? शैलजा जैन, आपल्या नाशिकच्या! नाशिकला वर्षानुवर्षं मुलींना शिकवलेली ही बाई परक्या देशात गेली, त्यांची भाषा शिकली आणि त्यांना सोनं मिळवून दिलं. रडू की हसू, मला कळेना. हरलो आपणच आणि जिंकली आपलीच! पुढच्या खेपेला, ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊला, आपल्या मुलींनी चिनी तैपेईला २६–२५ असं एका गुणानं हरवून पदक परत आणलं. त्या संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. शेवटच्या चढाईला मी देवघरासमोर उभी होते, पाठ टीव्हीकडे करून. बघवेनाच.

आता मूळ पत्राकडे येते.

आजींची हरकत चड्डीची. त्या इराणच्या मुलींचा सामना आजींना जरूर दाखवा. डोक्याला रुमाल, हात-पाय झाकलेले, अंगभर कपडे, आणि त्यांनी सुवर्णपदक नेलं. तेव्हा चड्डीखाली घोट्यापर्यंतची घट्ट विजार घालायची असेल तर सरांशी बोला, यातून मार्ग निघतो. पण आजींना एक विचारा, तुम्ही लहानपणी काय घालून खेळत होता? पन्नाशी-साठीच्या पलीकडच्या खानदेशातल्या बायकांपैकी हुतुतू खेळलेली नाही अशी विरळाच. त्या गोष्टी निघाल्या की निम्मा अबोला तिथेच सुटेल, असं मला वाटतं.

वडिलांची काळजी पायाची. ती खोटी नाही. कबड्डीत घोटा मुरगळतो, गुडघा दुखावतो, खांदा निखळतो. जिथे सर मुलींना आधी अर्धा तास अंग मोकळं करायला लावत नाहीत, पडायचं कसं ते शिकवत नाहीत आणि दुखऱ्या पायानं खेळायला लावतात, तिथे मी माझ्या नातीलाही पाठवणार नाही. जाऊन एक दिवस सराव बघा. वडिलांनीच जावं. मैदानावर बसलेला बाप बघून पोर दुप्पट जोरानं खेळते आणि येणारी-जाणारी टवाळ मंडळीही जरा सावरून वागतात. मुलींसोबत बाई शिक्षिका आहे का, मुक्कामाची सोय कुठे, परतीची गाडी किती वाजता, हे विचारायला लाजू नका. हे विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे.

राहिलं लग्न. कबड्डी खेळली म्हणून कुणाचं लग्न अडलेलं मी तरी पाहिलं नाही. उलट राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, रेल्वेही खेळाडू मुलींना घेते. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा दबदबा उगाच नाही! दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, त्याच्या अटी शाळेत आधीच विचारून ठेवा आणि प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवा. आमच्याकडे एकीचं प्रमाणपत्र पापडाच्या डब्याखाली तेलकट होऊन गेलं होतं. मात्र सगळ्याच मुलींना नोकऱ्या लागतील असं मी म्हणणार नाही. बहुतेकींना लागत नाहीत. त्या चार वर्षं खेळतात, जोरात हसतात, एका ताटात जेवतात, गावं बघतात, आणि मग संसाराला लागतात. बाई, चौदाव्या वर्षी आपल्या अंगात किती बळ आहे हे एकदा कळलेलं असणं याची किंमत नोकरीत मोजता येत नाही.

आणि एक मनातलं. हात चांगला असलेल्या कितीतरी पोरी मी नववी-दहावीत घरी बसलेल्या पाहिल्या. त्यांना कुठल्या कोपरारक्षकानं धरलं नव्हतं. घरच्यांनीच धरलं, आणि बरेचदा आईनंच, लोक काय म्हणतील या भीतीनं. तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनी, माझं उत्तर सरळ आहे. पाठवा. आणि नुसती पाठवू नका, तुम्हीही या. जळगावला मैदानाच्या कडेला बसा, पदर खोचून ओरडा. धाब्यावरून नको.

थोडं कामाचं. सामन्याच्या आदल्या रात्री नखं अगदी बारीक कापा, पंच तपासतात. बांगड्या, पैंजण, कानातलं घरीच ठेवा. अंगाला तेल चोपडायला नियमात बंदी आहे, म्हणून केसांनाही त्या दिवशी तेल नको, वेणी घट्ट घालून रिबिनीनं बांधा, पिना नकोत. सामन्याच्या दोन-अडीच तास आधी हलकं जेवण, वरण-भात किंवा पोळी-भाजी. मधल्या वेळेला आपलं जळगावचं केळं, आणि खेळ संपल्यावर मूठभर शेंगदाणे-गूळ. तळलेलं आणि शेव-चिवडा परतीच्या गाडीत! पाण्याची बाटली घरून भरून द्या. पाळीचे दिवस असतील तर जादा कपडे आणि पॅड पिशवीत घाला, आणि खेळायचं की नाही ते तिचं तिला ठरवू द्या.

आणि मातीचे डाग. जिल्ह्याचे सामने मातीवर झाले तर गणवेश आणल्या आणल्या पाण्यात बुडवू नका. चिखल आधी पुरता वाळू द्या, झटका, जुन्या दात घासायच्या ब्रशनं खरवडा. मग गार पाण्यात साबण घालून तासभर भिजत ठेवा आणि हलक्या हातानं चोळा. रक्ताचा डाग असेल तर गरम पाणी चुकूनही नको, तो पक्का होतो. उन्हात उलटा वाळत घाला, पाठीवरचा नंबर उडत नाही.