केळं म्हणजे अंडं नव्हे

मंडळी, सध्या ‘व्हीगन’ आहाराचं वारं आहे. दूध-दही-तूप बंद, अंडं-मटण तर नाहीच. पुण्या-मुंबईत लोक हे आवडीनं करतात. आपल्या जालना जिल्ह्यात मात्र कित्येक घरांत ते नाइलाजानं चालूच आहे. दूध डेअरीला, अंडी बाजारात, अन् पोरांच्या ताटात भाकरी, ठेचा आणि पातळ वरण.

म्हणून हे खाणं वाईट का? मुळीच नाही. ज्वारी-बाजरीत लायसिन कमी असतं, ते डाळीत मिळतं. डाळीत मेथिओनिन कमी असतं, ते भाकरीत मिळतं. दोन्ही पोटात गेलं की प्रथिनांचं गणित जमतं. अट एकच, वरण घट्ट पाहिजे. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला वर लिंबू पिळा किंवा आपली मोसंबी खा. जेवणावर लगेच चहा नको. कॅल्शियमला तीळ आणि शेवग्याचा पाला आहे. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये जवळपास ३६ ग्रॅम प्रथिनं असतात. तेच सोयाबीन २०२४-२५ मध्ये ४,८९२ रुपये हमीभाव असताना आपण त्याच्याही खाली विकलं, पण घरात किती शिजवलं? (भिजवून नीट शिजवा बरं, कच्चं पचत नाही.)

खरी अडचण बी-१२ जीवनसत्त्वाची. ते भाजीत नाही, डाळीतही नाही. ते कमी पडलं की थकवा येतो, हातापायाला मुंग्या येतात, रक्त कमी होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या धडधाकट पुरुषांचं रक्त तपासलं, तर सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी निघालं. मोठा माणूस व्हीगन झाला तर डॉक्टरांना विचारून गोळी घेईल, तो त्याचा प्रश्न. पोरांचं काय?

नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं दिलं, न खाणाऱ्याला केळं. केळं चांगलंच आहे, पण एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं आणि बी-१२ असतं. केळ्यात जेमतेम एक ग्रॅम प्रथिन आणि बी-१२ शून्य. पुढं जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा पैसाच थांबवला. द्यायचं असेल तर लोकवर्गणी काढा म्हणे! शाळेच्या पोषणयुक्त तांदळात बी-१२ घालत होते, पण किलोला साधारण एक मायक्रोग्रॅम. पहिली ते पाचवीच्या पोराच्या वाट्याला शंभर ग्रॅम तांदूळ येतो. हिशोब तुम्हीच करा.

कुणी काय खावं हे मी सांगणार नाही. अंडं खाणाऱ्याला अंडं द्या. न खाणाऱ्याला नुसतं केळं देऊन मोकळं होऊ नका. सोयाबीनची उसळ, शेंगदाण्याची चिक्की आणि एक ग्लास दूध द्या. ज्या घरात दूधही चालत नाही, त्या पोराला आरोग्य केंद्रातून बी-१२ मिळालं पाहिजे. पहिली ते पाचवीला रोज २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे. ती खरंच पडते का, हे बघायला शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा. तिथं पालक म्हणून तुमचा हक्क आहे.

व्हीगन व्हायचं की नाही, हे मोठेपणी ठरवता येतं. पण वाढीच्या वयात जे कमी पडलं, ते नंतर भरून काढणं अवघड असतं.

तुमच्या गावच्या शाळेत सध्या काय मिळतं? खाली लिहा.