रीत दाखवा!

दिवाळी जवळ आली की इकडे चकलीची भाजणी दळून येते आणि तिकडे वाचायच्या पुस्तकांच्या याद्या निघू लागतात. मी पडलो शाळामास्तर, त्यात कादंबऱ्या लिहिण्याची खोड. तेव्हा अशा यादीची मागणी माझ्याकडे दरवर्षी येते. अलीकडे मात्र मागणीचा सूर बदलला आहे. पूर्वी आईबाप म्हणत, "मास्तर, मुलाला काही संस्कारक्षम सुचवा." आता म्हणतात, "मास्तर, पोरगा कशावरच विश्वास ठेवीत नाही. उलट प्रश्न विचारतो. याला काय वाचायला द्यावे?" जणू पोराला गोवर निघाला आहे आणि मी त्यावर काढा सांगायचा आहे!

माझे उत्तर ठरलेले आहे. काढा देऊ नका. आणखी प्रश्न पडतील अशी पुस्तके द्या. हे उत्तर पुष्कळांना रुचत नाही, म्हणून यंदा जरा तपशिलात शिरून भांडायचे मी ठरविले आहे. सणासुदीला भांडण नको असे ज्यांना वाटते त्यांनी ही पाने उलटून खुशाल पुढच्या विनोदी कथेकडे जावे.

माझे भांडण दोन पक्षांशी आहे. पहिला पक्ष वडीलधाऱ्यांचा. संशयाने श्रद्धा जाते, श्रद्धा गेली की घर मोडते, असे त्यांचे म्हणणे. मी नम्रपणे विचारतो, की ज्या घराची भिंत चौदा वर्षांच्या मुलाच्या एका 'कशावरून?'ने हादरते, त्या भिंतीत दोष कोणाचा? मुलाचा, की बांधणाऱ्याचा? आणि पोराच्या हातातले पुस्तक काढून घेतल्याने प्रश्न मरत नाही. तो घराबाहेर जातो आणि जो पहिला भेटेल त्याचे उत्तर घेऊन परत येतो.

दुसरा पक्ष तरुणांचा, आणि तो मला अधिक धोक्याचा वाटतो. संशय ही या मंडळींची मिरविण्याची वस्तू आहे. "सगळे थापा मारतात हो!" हे त्यांचे पालुपद. वर्तमानपत्र खोटे, इतिहास खोटा, डॉक्टर खोटा, मास्तर तर खोटाच. आणि सकाळी असे म्हणणारा हाच गृहस्थ दुपारी कोणा अनामिकाने मोबाइलवर पाठविलेली चित्रफीत खरी मानून घरभर दाखवीत हिंडतो. याला मी संशय म्हणत नाही. याला आळस म्हणतात. खऱ्या संशयाला कष्ट पडतात. त्याला ग्रंथालयाची पायरी चढावी लागते, तळटीप वाचावी लागते, बेरीज पुन्हा करून पाहावी लागते.

मग संशयी आणि जिज्ञासू माणसाला पुस्तक कसे निवडावे? माझी कसोटी गणिताच्या तासातली आहे. मुलगा उत्तर बरोबर लिहितो, पण मधल्या पायऱ्या गाळतो. आम्ही वहीत लाल शाईने लिहितो: 'रीत दाखवा.' उत्तर शेजाऱ्याच्या वहीतूनही येऊ शकते. रीत आपलीच असावी लागते. पुस्तकालाही मी हेच विचारतो. बाबा रे, तू सांगतोस ते तुला कळले कसे? जे पुस्तक आपली रीत उघड मांडते, ते देवाविषयी असो, दगडाविषयी असो की दिव्याविषयी, ते संशयी माणसाचे पुस्तक. जे नुसते उत्तर छातीवर आदळते, ते कितीही पुरोगामी असले तरी पोथीच. होय, पुरोगाम्यांच्याही पोथ्या असतात. प्रतिपक्षाला मूर्ख म्हणण्यापलीकडे ज्यांत दुसरी पायरी नाही, अशी विवेकवादी पुस्तके मी वाचली आहेत आणि मिटून ठेवली आहेत.

आता माझी यादी. ती माझी आहे, विद्यापीठाची नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसाने वाचनालयाच्या फडताळातून गोळा केलेली आहे.

पहिले नाव शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथाचे. १८९६ सालचा हा ग्रंथ. दीक्षित मूळचे कोकणातल्या मुरूडचे, मॅट्रिक झालेले, पेशाने शिक्षक. दोनच वर्षांनी, १८९८ साली, ते वारले. पण या शिक्षकाने मराठीत असा ग्रंथ लिहून ठेवला, की पुढे भारत सरकारला त्याचे इंग्रजी भाषांतर छापावे लागले. त्यातला एक मुद्दा पाहा. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, अशा अर्थाचे विधान शतपथ ब्राह्मणात आहे. आज कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत नाहीत, उत्तरेकडे सरकून उगवतात. हा फरक संपातबिंदू हळूहळू सरकत असल्यामुळे पडतो. तेव्हा कृत्तिका ठीक पूर्वेला कधी उगवत असतील, याचे गणित करून दीक्षितांनी इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे हा काळ काढला. सगळे अभ्यासक तो मानीत नाहीत. त्या विधानाचा अर्थच निराळा लावावा असे काहींचे मत आहे. पण मौज ही, की दीक्षितांना खोडून काढायचे असेल तरी त्यांच्याच पायऱ्यांनी चढून जावे लागते. वाचकाच्या हाती इतके देणारा लेखक मला फार मोठा वाटतो.

याच्या शेजारी दुसरा नमुना ठेवा. भारद्वाज ऋषींच्या नावावर 'वैमानिकशास्त्र' नावाचे पुस्तक आहे, आणि आमच्या पूर्वजांनी विमाने उडविली याचा पुरावा म्हणून ते आजही पुढे केले जाते. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली या पुस्तकाची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांनी थट्टा केली नाही. पुस्तक शांतपणे वाचले. भाषा तपासली, पोथी कोणाकडून कोणाकडे आली याचा माग काढला, आकृत्यांतली विमाने यंत्रशास्त्राच्या नियमांनी पडताळली. निष्कर्ष असा निघाला, की मजकूर १९०४ सालापूर्वीचा असू शकत नाही आणि त्यातले एकही विमान उडण्याजोगे नाही. तो निबंध काही पानांचाच आहे, पण वरच्या वर्गातल्या मुलांना समजावून सांगावा असा आहे. पूर्वजांचा अभिमान बाळगायला माझी हरकत नाही. पण तो दीक्षितांच्या मार्गाने यावा. तिथे पूर्वजांनी खरोखर काय पाहिले आणि मोजले ते कळते.

दिव्यांचा सण आहे, म्हणून एक पुस्तक ज्योतीवरचे. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा. बांधायला आलेली पुस्तके वाचता वाचता तो शास्त्रज्ञ झाला. १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने मुलांसाठी सहा व्याख्याने दिली, सगळी एका मेणबत्तीवर! पुढे त्यांचे पुस्तक झाले. ज्योतीच्या पोटात जो काळसर भाग दिसतो, तिथे न जळलेली वाफ असते असे तो सांगतो, आणि सांगून थांबत नाही. काचेची नळी तिथे धरून ती वाफ बाहेर काढतो आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पेटवून दाखवितो. वडीलधारे जवळ असताना घरी एवढे करून पाहा: मेणबत्ती फुंकून विझवा आणि वर चढणाऱ्या धुराच्या रेषेला लगेच पेटती काडी लावा. ज्योत धुरावरून उडी मारून वातीवर येते. हे ज्याने एकदा पाहिले, त्याला 'मी म्हणतो म्हणून' या वाक्याची चव पुन्हा लागत नाही.

डार्विनचा १८५९ सालचा ग्रंथ सगळा वाचवणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्याचे सहावे प्रकरण तरी वाचावे. ते आपल्याच सिद्धांतापुढच्या अडचणींवर आहे. डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव हळूहळू कसा घडला असेल, हा विरोधकांचा प्रश्न त्याने स्वतःच आधी मांडला. आपल्याकडच्या वक्त्यांनी भाषणातली पाच मिनिटे तरी अशी खर्च केली तर देशाचे केवढे भले होईल!

संशयाने माणूस रूक्ष होतो म्हणणाऱ्यांनी धर्मानंद कोसंबी वाचावेत. गोव्यातल्या साखवाळचा हा तरुण. मुलांच्या एका मराठी मासिकात त्याने बुद्धाविषयी वाचले आणि १८९९ साली तो घर सोडून ज्ञानाच्या शोधात निघाला. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश अशी ती वणवण 'निवेदन' या आत्मचरित्रात आहे. हाच माणूस पुढे 'भगवान बुद्ध' या ग्रंथात बुद्धचरित्रातल्या सर्वांत लाडक्या कथेवर शंका घेतो. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, हे त्याला पटत नाही. तो पाली ग्रंथ उघडतो आणि शाक्य व कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्यावरच्या भांडणाकडे बोट दाखवितो. ज्याच्यासाठी घरदार सोडले, त्याच्याविषयीही खरे तेच हवे! श्रद्धा आणि संशय एका घरात नांदू शकत नाहीत असे कोण म्हणतो?

घरातल्या स्त्रियांसाठी, आणि त्याहून अधिक पुरुषांसाठी, ताराबाई शिंद्यांचे 'स्त्री-पुरुष तुलना'. बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ साली ते लिहिले. निमित्त होते सुरतेच्या एका विधवेवरच्या खटल्याचे आणि त्यावरून साऱ्या स्त्रीजातीवर झालेल्या चिखलफेकीचे. ताराबाईंची रीत अगदी घरगुती आहे. स्त्रीचे म्हणून जे जे दुर्गुण सांगितले जातात, ते एकेक उचलायचे आणि पुरुषाच्या मापाने मोजून पाहायचे. हे पुस्तक पुढे विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले, तेव्हा कुठे आपल्याला मिळाले.

आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त'. हे १९६७ सालचे पुस्तक पुष्कळ घरांत असते, पण वाचताना एक गोष्ट निसटते. भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची संशोधित आवृत्ती सिद्ध केली; इरावतीबाईंचा आधार ती आवृत्ती. द्रौपदीच्या शेवटाविषयी स्वतःच्या कल्पनेने लिहायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी बजावून सांगितले, की आता पुढची नरोटी माझी. आधार कुठे संपला आणि कल्पना कुठे सुरू झाली, तिथे त्यांनी रेघ मारली. मी कादंबरीकार आहे. ही रेघ मारणे किती जड जाते ते मला विचारा.

शेवटी आजच्या काळाजवळचे. जयंत नारळीकर गेल्या पिढीतल्या मुलांना त्यांच्या विज्ञानकथांनी ठाऊक आहेत. 'यक्षांची देणगी' अजूनही हातोहात फिरते. २०२५ साली ते गेले. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २००८ च्या सुमारास फलज्योतिषाची एक साधी परीक्षा घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि बौद्धिक वाढ मागे राहिलेल्या शंभर मुलांच्या, अशा दोनशे कुंडल्या. ज्योतिषांनी फक्त एवढेच सांगायचे, की कुंडली यांतल्या कोणत्या मुलाची. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्यांचे निदान पाठविले. ते सरासरी ४६ टक्के बरोबर आले. एका संस्थेने सगळ्या दोनशे पाहिल्या, त्यांतल्या १०२ जुळल्या. नाणे उडविले असते तरी निम्मी उत्तरे बरोबर येतीच. ज्यांना ही परीक्षा सदोष वाटते त्यांनी खुशाल दुसरी, अधिक चांगली घ्यावी. आकडे उघड्यावर आहेत, वाट बंद केलेली नाही.

त्या परीक्षेतले एक सहकारी होते डॉ. नरेंद्र दाभोलकर. त्यांची 'भ्रम आणि निरास', 'तिमिरातुनी तेजाकडे' ही पुस्तके मी वरच्या वर्गांतल्या मुलांना सांगतो, आणि त्यावरून मला बोलही लागतात. त्यांचे सगळे पटलेच पाहिजे असे नाही. न पटले तर पुस्तकाने उत्तर द्यावे, सभेत उठून प्रश्न विचारावा. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. शाळामास्तराच्या भाषेत सांगायचे तर जगात एकच उत्तर असे आहे की ज्याला रीतच नसते, आणि ते म्हणजे गोळी. मुलांना 'कशावरून?' विचारू देण्याची आणि त्याला शब्दांनी उत्तर देण्याची सवय घरात लावली नाही, तर आपण त्यांच्या हाती दुसरे काय देत आहोत याचा विचार वडीलधाऱ्यांनी फराळाला बसताना एकदा करावा.

म्हणून माझी शिफारस अशी. यंदा भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटात नोटेबरोबर एक पुस्तक पडू द्या. मुलाने त्यातले एखादे वाक्य अडवून 'कशावरून?' विचारले, तर त्याच्याबरोबर बसून ते पान पुन्हा वाचा. उत्तर नाही सापडले तर वाचनालयात जा. माझ्या या यादीलाही तोच न्याय लावा. यातले एखादे पुस्तक रीत न दाखविता उत्तर देत असेल, तर त्यावर लाल शाईने तसे लिहा आणि मला कळवा. मी रागावणार नाही. उलट त्या मुलाला पूर्ण गुण देईन.