बालकांचा क्षय आणि प्रयोगशाळेची जबाबदारी

बंगळूरच्या मल्लेश्वरमलगत, बल्लारी रस्त्यावर राष्ट्रीय क्षयरोग संस्था १९५९ पासून कार्यरत आहे. देबाबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात केलेली आणि १९६३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी याच संस्थेची. ग्रामीण क्षयरुग्णांपैकी सुमारे निम्मे स्वतः होऊन सरकारी दवाखान्याची पायरी चढले होते, असे तीत आढळले. अडाणी जनतेला आरोग्याची जाणीव नसते, या सुखवस्तू समजुतीला हे सणसणीत उत्तर होते. रुग्ण आला होता. दवाखान्याने त्याचा रोग ओळखला नव्हता.

या संस्थेच्या कार्यातूनच १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा पाया घातला गेला: सूक्ष्मदर्शक असलेल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी. पद्धत स्वस्त होती, लोकांच्या आवाक्यातली होती. परंतु तीत लहान मूल बसत नव्हते.

लहान मूल कफ थुंकत नाही, गिळते. त्याच्या फुफ्फुसात जंतूही थोडे असतात. काचपट्टीवर ते दिसण्यासाठी एका मिलिलिटर थुंकीत साधारणतः पाच ते दहा हजार जंतू लागतात. म्हणून पहाटे, उपाशीपोटी, नाकातून नळी घालून जठरातील द्राव काढावा लागतो. त्यासाठी बहुधा मुलाला रुग्णालयात ठेवावे लागते आणि आईची मजुरी बुडते. जंतुसंवर्धनाचा निकाल तर कित्येक आठवड्यांनी येतो.

आज ही अडचण बरीच दूर करता येते. जंतूंचे जनुकद्रव्य शोधणारी यंत्रे सुमारे दोन तासांत निकाल देतात. गोव्यात तयार होणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या ट्रुनॅटला जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली. त्याच वर्षी जीनएक्स्पर्टवर मुलांच्या शौचाचा नमुना तपासण्याची शिफारसही झाली, कारण गिळलेल्या कफातील जंतू तेथे सापडतात. तरीही यंत्राचा नकार अंतिम नव्हे. घरातील क्षयरुग्णाचा सहवास, खुंटलेले वजन व क्ष-किरण चित्र पाहून निर्णय डॉक्टरांनाच घ्यावा लागतो.

जगातील क्षयरुग्णांत बालके एक-दशांशाहून अधिक असावीत, असा अंदाज आहे. भारतातील नोंदींत मात्र अलीकडच्या वर्षांत ती सहा टक्क्यांच्या आसपासच दिसतात. उरलेली मुले निरोगी नाहीत. ती मोजली गेलेली नाहीत.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे: तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ही तपासणी मोफत व्हावी, प्रयोगशाळा तंत्रज्ञांची कायम पदे भरावीत आणि यंत्रांना लागणाऱ्या साहित्याचा पुरवठा अखंड राहावा. तुमकूरच्या रुग्णांप्रमाणे आजची आईही दवाखान्याच्या दारात येऊन उभी आहे. तिला खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठविण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.