आधी कोणाचा रस्ता मोकळा?

थंडीचा कडाका वाढला की महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे छायाचित्र आमच्या प्रस्थापित वृत्तपत्रांत हमखास झळकते. त्याखाली ‘पर्यटकांनी लुटला गुलाबी थंडीचा आनंद’ अशी ओळही ठरलेली. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला तेव्हाही असेच झाले. शेकोट्यांची छायाचित्रे आली, गरम कपड्यांच्या बाजाराची आली. मात्र त्याच पहाटे पाच वाजता कानाला मफलर गुंडाळून, बोटे बधिर झालेल्या हातांनी ब्रेक दाबत सायकलवर कामाला निघालेल्या माणसाचे छायाचित्र काही आमच्या पाहण्यात आले नाही. ही थंडी काही गुलाबी नसते आणि तो माणूस कोणत्या वस्तीतून निघालेला असतो, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

हा विषय आज सुचला तो मात्र नागपूरच्या थंडीमुळे नव्हे, तर जर्मनीहून आलेल्या एका फोनमुळे. आमच्या ओळखीच्या एका सफाई कामगार भगिनीचा मुलगा तिकडे शिकतो. शिष्यवृत्तीवर गेला. शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर पोहोचत नाही, ही तक्रार आता नवी राहिलेली नाही. त्यावर आम्ही वेगळे लिहू. तर हप्ता रखडला म्हणून या मुलाने एका बेकरीत पहाटेचे काम धरले. पहाटे ट्राम कमी, भाडे जास्त, म्हणून जुनी सायकल घेतली. जानेवारीतल्या एका पहाटे कामावर जाताना ती घसरली आणि मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर घातल्यावर त्याने आईला नव्हे, आम्हाला फोन केला. “काका, आईला एवढ्यात सांगू नका. पण एक विचारायचं होतं.”

त्याचा प्रश्न पुढे येईल. आधी तो पडला कसा, ते पाहू.

बर्फ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला पांढरा कापूस येतो. मुलगा म्हणाला, कापसाची भीती नाही. उणे दहा-पंधरा अंशांत पडलेला कोरडा बर्फ चाकाखाली करकरतो, पण चाकाला धरून ठेवतो. घात करते ते शून्याच्या आसपासचे हवामान. दिवसा बर्फ वितळतो, रात्री ते पाणी पुन्हा गोठते आणि डांबरावर काचेसारखा पातळ थर बसतो. तो दिसतच नाही. खालचे काळे डांबर तेवढे दिसते. अशा जागी पुढचा ब्रेक दाबला किंवा हँडल वळवले की सायकल खालून निघून जाते. तिकडचे जाणते लोक टायरमधली हवा थोडी कमी ठेवतात, म्हणजे टायर जमिनीला जास्त टेकतो. आणि हिवाळ्यापुरते बारीक धातूचे खिळे ठोकलेले टायर बसवतात. हे टायर महाग. बेकरीत पहाटे पाव भाजणाऱ्या विद्यार्थ्याने ते कुठून आणावेत?

पण टायरपेक्षा महत्त्वाची गोष्ट त्याने सहज बोलता बोलता सांगितली. त्या पहाटे मोटारींचा रस्ता अगदी काळाभोर, कोरडा होता. रात्रीच यंत्र फिरून गेले होते. आणि त्या यंत्राने बाजूला ढकललेला बर्फ कुठे गेला? तर शेजारच्या सायकलच्या वाटेवर! दिवसा तो वितळला, रात्री गोठला आणि त्यावरच हा मुलगा आडवा झाला.

म्हणजे बर्फ आभाळातून सर्वांवर सारखा पडतो हे खरे. परंतु तो कोणाच्या वाटेवरून उचलायचा आणि कोणाच्या वाटेवर टाकायचा, हे आभाळ ठरवत नाही. ते नगरपालिका ठरवते. कोणत्याही निसर्गकोपात मरणाऱ्यांची यादी वाचली की आम्हाला हीच गोष्ट दिसते. पूर, उष्माघात, थंडी, सगळे निसर्गाच्या नावावर खपवले जाते आणि त्यातला माणसाने घेतलेला निर्णय नामानिराळा राहतो.

स्वीडनमधल्या कार्ल्सकोगा नावाच्या गावाने हा निर्णय उघडा पाडला. २०११ साली तिथल्या नगरपालिकेने आपल्या सर्व कामांकडे स्त्री-पुरुष समतेच्या नजरेतून पाहण्याचे ठरवले. कोणीतरी थट्टेने म्हटले, निदान बर्फ उचलण्याच्या कामात तरी या समतावाल्यांना नाक खुपसता येणार नाही! मग त्यांनी तेच काम तपासायला घेतले. पद्धत जगभर असते तीच होती : आधी मोठे रस्ते, मग गल्ल्या, शेवटी पदपथ आणि सायकलच्या वाटा. कोणीही दुष्टाव्याने ही पद्धत घातलेली नव्हती. पण मोठ्या रस्त्यांवरून मोटारीने कामाला जाणारे बहुतांश पुरुष. आणि मुलाला पाळणाघरात सोडून पायी, सायकलने वा बसने कामावर जाणाऱ्या बहुतांश स्त्रिया. शिवाय वीतभर बर्फातून मोटार कशीबशी निघते. सायकल आणि बाबागाडी निघत नाही. घसरून हाडे मोडण्याचे प्रमाणही मोटारवाल्यांपेक्षा पायी चालणाऱ्यांत कितीतरी जास्त, आणि त्यांतही स्त्रिया अधिक. तेव्हा त्यांनी क्रम उलटा केला. पाळणाघरांकडे जाणाऱ्या वाटा, पदपथ, सायकलच्या वाटा आधी, हमरस्ते नंतर. यंत्रे तीच, माणसे तीच, फक्त क्रम बदलला.

पुढे राजधानी स्टॉकहोमनेही हे धोरण घेतले. २०१६ च्या नोव्हेंबरात तिथे विक्रमी बर्फ पडला, शहर ठप्प झाले, आणि लगेच ओरड सुरू झाली की ‘स्त्रीवादी बर्फ-सफाई’ने घोटाळा केला! व्यवस्था कोलमडली की खापर समतेच्या डोक्यावर फोडायचे, हे आम्हाला काही नवीन नाही. इथे पूल पडला तरी ‘आरक्षणातले इंजिनियर’ म्हणणारे महाभाग आहेतच.

फिनलंडमधल्या औलू शहराचे उदाहरण त्याहून बोलके आहे. विषुववृत्तापासून ६५ अंश उत्तरेला, ध्रुवीय वर्तुळाच्या थोडेसेच खाली असलेले हे शहर. सुमारे दोन लाख वस्ती. तिथे उणे वीस अंशांतही शाळेची मुले सायकलवर दिसतात. हिवाळी सायकल वाहतुकीची पहिली जागतिक परिषद २०१३ साली तिथेच भरली. ती माणसे काही वेगळ्या हाडामांसाची नाहीत. तिथे सायकलच्या मुख्य वाटा लोक कामाला निघण्याच्या आत साफ करण्याची जबाबदारी ठरवून दिलेली आहे. तळाचा बर्फ दाबून घट्ट करतात आणि त्यावर बारीक खडी पसरतात. सायकलच्या वाटा मोठ्या रस्त्यांखालून बोगद्यांनी नेलेल्या आहेत. आमच्याकडे ‘लोकांना सायकल नको, मोटारच हवी’ असे म्हणणाऱ्या नगररचनाकारांनी एक हिवाळा तिथे काढून यावा. कामगाराची सायकल सुटली ती हौस बदलल्यामुळे किती आणि रस्त्यावर जीव वाचेना म्हणून किती, याचा हिशेब त्यांना तिथे कळेल.

आता त्या मुलाचा प्रश्न. तो म्हणाला, “काका, डॉक्टरने पट्टी बांधायच्या आधी एकच विचारलं, तुम्ही कामावर जात होता का? मी घाबरलो. हो म्हटलं तर नोकरी जाईल का?”

आम्ही त्याला सांगितले, बाबा, हो म्हटलास ते उत्तम केलेस. जर्मनीत घरातून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात हा कामावरचाच अपघात धरला जातो. ही तरतूद १९२५ पासून आहे. माणूस पायी होता, सायकलवर होता की मोटारीत, याला महत्त्व नाही. तो थोडा बेसावध होता काय, हेही पाहत नाहीत. वाट मात्र घर ते कामाची हवी. मध्येच स्वतःच्या खरेदीला वळलास तर संरक्षण तुटते. उपचारांचा खर्च मालकांच्या वर्गणीवर चालणारी अपघात विमा संस्था करते. वर्गणीचा एक पैसाही कामगाराच्या पगारातून कापत नाहीत. अर्धवेळ काम करणारा विद्यार्थीही त्यात येतो. आणि त्याचे तसेच झाले. प्लास्टर निघेपर्यंत त्याची मजुरीही चालू राहिली.

फोन ठेवला आणि आम्हाला त्याच्या आईची सायकल आठवली.

तीन वर्षांपूर्वी तीही अशीच पडली होती. डिसेंबर महिना, पहाटेचे साडेपाच, दाट धुके. एका कामासाठी रस्ता खोदलेला, वर दिवा नाही, फलक नाही. ताई सायकलसह चरात गेली. खांद्याचे हाड मोडले. कंत्राटदाराचे उत्तर काय? “बाईची हजेरी लागलीच नव्हती, मग ती कामावर कशी?” विम्यात तिचे नावच नोंदवलेले नव्हते. मोटार अपघात न्यायाधिकरणात जावे, तर तिला कोणत्या मोटारीने ठोकर दिलेली नव्हती; एकट्या पडलेल्या सायकलस्वाराला ते दार बंदच. आम्ही नोटीस दिली. मालकाने नाव नोंदवले नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही, हे तिला परोपरीने समजावले. पण लढायचे तर काम जाणार होते. ताईने किरकोळ रक्कम घेऊन कागदावर अंगठा नव्हे, चांगली स्वच्छ सही केली, आणि दीड महिन्याने पुन्हा त्याच सायकलवर हजेरीला निघाली. आमच्या वकिलीत जे पराभव आम्ही विसरलेलो नाही, त्यातला हा एक.

कायदा नव्हता असे नाही. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा तयार झाला आणि त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. त्या कायद्यात २०१० साली कलम ५१-ई घालून कामावर येण्या-जाण्याच्या वाटेवरचा अपघातही समाविष्ट करण्यात आला. परंतु ज्यांची नोंदच नाही त्यांना जुन्या नुकसानभरपाई कायद्याखाली भांडावे लागे आणि तिथे ‘हजेरीच्या आधी’ हे मालकांचे हुकमी पान होते. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला जाताना वाटेत मोटारसायकल अपघातात गेला. आयुक्तांनी दिलेली भरपाई उच्च न्यायालयात रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली ती २९ जुलै २०२५ रोजी! अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर वाटेवरचा मृत्यू हा कामावरचाच मृत्यू, असे न्यायालयाने म्हटले. विधवेने बावीस वर्षे वाट पाहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घर ते काम हा प्रवास घेतला आहे. बाकी कामगार संहितांबद्दल आमचे आक्षेप कायम आहेत. पण ही तरतूद वस्तीवस्तीत सांगितली गेली पाहिजे. विशेषतः हजेरीच्या जागी.

रस्त्याचा प्रश्न तर आमच्या चळवळीचा जुनाच. महाडला पाण्यासाठी गेलेली माणसे सार्वजनिक जागेवरचा हक्क सांगायलाच गेली होती. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीला ‘रस्ते’ हा शब्द स्वच्छ लिहिलेला आहे. हिमाचल प्रदेशच्या डोंगरातल्या गरीब, बहुतांशी दलित गावकऱ्यांनी रस्त्यासाठी उच्च न्यायालयाला साधे पत्र लिहिले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८६ साली निकाल आला की डोंगरी भागात रस्ता मिळणे म्हणजे जगणे मिळणे, तो कलम २१ चाच भाग आहे. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पदपथाचा हक्कही कलम २१ मध्ये आणला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये देण्याचे आदेश दिले. हत्यारे आहेत. आता कोणत्याही महापालिकेच्या रस्ते विभागाला माहिती अधिकारात एवढेच विचारावे : खड्डे बुजवण्याचा, दिवे दुरुस्त करण्याचा तुमचा क्रम काय, आणि तो कोणी ठरवला? मंत्र्यांच्या बंगल्याचा रस्ता आधी की सफाई कामगारांच्या वस्तीतून हजेरीकडे जाणारा? आम्ही असा अर्ज टाकला आहे. उत्तर आले की याच स्तंभात छापू.

मुलाच्या पडण्याची बातमी अखेर ताईला कळलीच. आईपासून असे काय लपते! ती आमच्याकडे आली. वाटले, रडेल. मनगट जुळले काय, एवढे विचारून ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “भाऊ, तिकडे तो बर्फ कोन झाडते?”

आम्हाला एकदम उत्तर सुचेना. मग मुलाकडून ऐकलेले सांगितले. घरासमोरच्या पदपथावरचा बर्फ काढणे बहुतेक ठिकाणी घरमालकावर बंधनकारक असते, मग तो प्रोफेसर असो की डॉक्टर. न काढल्यास दंड, आणि कोणी घसरून पडले तर भरपाईही. मोठे रस्ते नगरपालिकेचे कामगार काढतात. उबदार केबिनच्या यंत्रात बसून, युनियनने ठरवलेल्या पगारावर.

“म्हनजे कोनीबी?”

“कोणीही, ताई.”

ती उठली. पहाटेची पाळी होती. आम्ही दारापर्यंत गेलो, तर तिच्या सायकलला मागचा लाल दिवा नव्हता. दुसऱ्या दिवशी आणून बसवून दिला.