यंत्रमानव चालतो झकास, पण हाताचे काय?

पुणे-लोणावळा लोकलने तळेगावला उतरून कारखाना गाठणाऱ्या कामगारांसाठी माणसासारखा यंत्रमानव ही आता निव्वळ परदेशातली बातमी उरलेली नाही. तळेगावचा जनरल मोटर्सचा बंद पडलेला प्रकल्प ह्युंदाईने घेतला आणि २०२५ मध्ये तिथे पुन्हा मोटारी बनू लागल्या. 'ॲटलस' हा यंत्रमानव बनवणारी बोस्टन डायनॅमिक्स ही अमेरिकी कंपनीही २०२१ पासून याच ह्युंदाई समूहाची आहे. ५० किलोपर्यंत वजन उचलू शकणारा ॲटलस २०२८ पासून समूहाच्या अमेरिकेतील जॉर्जियाच्या कारखान्यात जुळणीचे सुटे भाग क्रमाने मांडून ठेवायला लागेल, असे समूहाने जाहीर केले आहे.

समोर चीन आहे. एप्रिल २०२५ मध्ये बीजिंगच्या अर्धमॅरेथॉनमध्ये २१ यंत्रमानव धावले, शेवटपर्यंत पोचले ६. पहिला आला त्याला २ तास ४० मिनिटे लागली, तीही वाटेत बॅटरी बदलून! हसण्यावारी नेण्याचे मात्र कारण नाही. युनिट्री या चिनी कंपनीचा छोटा यंत्रमानव त्याच वर्षी ६ हजार डॉलरच्या आत, म्हणजे साधारण ५ लाख रुपयांत, बाजारात आला.

खरी अडचण पायांची नाही, हाताची आहे. माणसाच्या एका हातात २७ हाडे असतात आणि तळव्यात व बोटांत मिळून स्पर्श टिपणारे सुमारे १७ हजार मज्जातंतू. नट तिरका चढतोय हे बोटांना डोळ्यांआधी कळते. यंत्राला ही जाण अजून नीट जमलेली नाही. म्हणून त्याच्याकडे आधी कामे जातील ती उचल-ठेवीची.

कंबर आणि खांदे निकामी करणारी कामेही हीच. ती यंत्राने केली तर आरोग्याच्या दृष्टीने वाईट काय? काहीच नाही. पण ती बहुधा कंत्राटी कामगारांच्या वाट्याला येतात. कोरियातील ह्युंदाईच्या कामगार संघटनेने जानेवारी २०२६ मध्ये कंपनीला बजावले, की करार झाल्याशिवाय एकही यंत्रमानव आत येऊ देणार नाही. कंत्राटी कामगाराला असे बजावता येत नाही. त्याची ईएसआयची वर्गणी नोकरीला बांधलेली असते. काम सुटले की ती थांबते आणि काही महिन्यांनी घरच्यांचे औषधपाणीही. कंबर वाचते, पण तिच्यावर आधीच सुरू असलेल्या उपचारांचा खर्च खिशातून करावा लागतो.